मामांचे वावर आणि टाकीतला गाळ



वर्षावास संपल्यानंतरच्या एका रविवारी मी मामांच्या गावी गेलो होतो. गाव अमरावती-अकोला रस्त्याला लागून आहे. सकाळी विहारात वंदना झाली आणि आम्ही मामांच्या ओट्यावर चहा घेत बसलो. मामांचे वावर दीड एकराचे. विहिरीला थोडेफार पाणी आहे, म्हणून मामा पालक, मेथी, सांबार, मुळा असा भाजीपाला काढतात आणि मामी तो शहराच्या बाजारात नेऊन विकतात. त्यावर घर चालते.

त्या दिवशी मामांनी एक वेगळाच प्रश्न काढला. संडासाच्या टाक्या उपसणारा एक टँकरवाला त्यांच्याकडे येऊन गेला होता. टाकीतला गाळ वावरात फुकट टाकून द्यायला तो तयार होता.

"भाऊ, डीएपीचं पोतं काय भावानं भेटते ते तुले माहीत हाये. हा मानूस फुकट देतो म्हणते. सोनखतच हाये म्हणते. टाकू काय?"

मामी आतून म्हणाल्या, "टाकाचंच असन तं उन्हाळ्यात टाका म्हणा. आपलं मे महिन्याचं ऊन दगडाले तडे पाडते. जंतू कायचे वाचतेत?"

मामेभाऊ मोटारसायकल पुसत होता. तो एकदम तापला. "बाबा, हे काम आपुन सोडलं हाये. बाबासाहेबांनी सोडाले लावलं. आता फुकटच्या खतासाठी पुन्हा गू वाहाचा काय?"

तिघांचे तीन प्रश्न आणि तिघांचेही थोडेथोडे खरे. मी कारकून माणूस, हिशेबाची वही कळते. पण हा हिशेब मला त्या ओट्यावर जमला नाही. मी मामांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. मलनिस्सारणाच्या कामातल्या एका जाणकार स्नेह्याला विचारले, काही वाचन केले. जे हाती आले ते मामांना सांगितले. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण असा टँकर उद्या तुमच्याही वावराच्या धुऱ्यावर उभा राहू शकतो.

मामांचा प्रश्न : हे खत आहे काय?

आहे. त्यात नत्र आहे, स्फुरद आहे, जमिनीला लागणारा सेंद्रिय भाग आहे. आपल्या भाषेनेच त्याला सोनखत म्हटले. गंमत बघा, खताला सोन्याचे नाव दिले आणि ते डोक्यावर वाहून नेणाऱ्या माणसाला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवले.

पण टाकीतून निघालेला ताजा गाळ म्हणजे खत नव्हे. त्यात दोन गोष्टी असतात. एक जंतू आणि दुसरी जंतांची अंडी. हे दोन शब्द जवळचे वाटले तरी गोष्टी वेगळ्या आहेत. जंतू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे रोगबीज. विषमज्वर, कॉलरा, हगवण, कावीळ यांचे जंतू आजारी माणसाच्या शौचातून टाकीत येतात. जंत म्हणजे पोटातले किडे. लहान मुलांच्या पोटात होणाऱ्या गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ही अंडी शौचावाटे बाहेर पडतात. त्यांचे कवच इतके चिवट असते की ओल्या मातीत ती वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. पालकाच्या पानाला, मुळ्याला, लेकराच्या नखात माती लागली की ती पुन्हा पोटात.

दुसरा एक जंत आहे, अंकुश कृमी. त्याची पिल्ले ओल्या मातीत अंड्यातून बाहेर येतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून अंगात शिरतात. आतड्याला चिकटून रक्त पितात. आपल्या आयाबहिणी सकाळच्या दवात अनवाणी पायांनी निंदायला बसतात. दिवसभर अशक्तपणा वाटतो, चक्कर येते, रक्त कमी भरते. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात. पण पोटात जंत असतील तर ती भरती फुटक्या माठातली.

म्हणून मामांना पहिले उत्तर हे दिले की हे खत आहे, पण कच्चे आहे. कच्चे दूध जसे आपण पाजत नाही तसा कच्चा गाळ जमिनीला पाजायचा नाही, आणि पालेभाजीच्या वावरात तर मुळीच नाही.

मामींचा प्रश्न : ऊन पुरेल काय?

मामींचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जंतू आणि जंतांची अंडी उष्णतेने मरतात. प्रश्न एवढाच की किती उष्णता आणि किती वेळ. दूध निर्जंतुक करताना डेअरीत ते ६३ अंशांवर ३० मिनिटे ठेवतात, किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद. उष्णता वाढवली की वेळ कमी लागतो. गाळाचाही हिशेब असाच आहे.

रिचर्ड फीचम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक बँकेसाठी याचा मोठा अभ्यास केला आणि तो १९८३ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यांचा निष्कर्ष आपल्या वहीत असा मांडता येईल. गाळ ६२ अंशांवर असेल तर १ तास. ५० अंशांवर असेल तर १ दिवस. ४६ अंशांवर १ आठवडा. ४३ अंशांवर १ महिना. एवढे झाले की जंतांच्या चिवट अंड्यांसह बहुतेक सारे रोगबीज संपतात. अमेरिकेने १९९३ मध्ये गाळासाठी नियम केले. त्यात गाळ तापवून शुद्ध करायचा तर ७० अंशांवर ३० मिनिटे ठेवावा, आणि लांब ढीग लावून कुजवायचा तर ढीग १५ दिवस ५५ अंशांवर राहिला पाहिजे व त्या काळात ५ वेळा उलथला पाहिजे, असे सांगितले आहे.

मामी म्हणाल्या, "मंग अकोल्याचा पारा तं पंचेचाळीसवर जातेच की!"

जातो. पण पारा ४५ वर जातो तो दुपारच्या दोन-तीन तासांपुरता. रात्री तो उतरतो. आणि वरून पडणारे ऊन गाळाच्या वरच्या थरालाच तापवते. वर खापरासारखी पापडी धरते. ती फोडून पाहा, खाली गाळ काळा, ओला आणि थंड असतो. जंतांची अंडी तिथे सावलीत बसलेली असतात. मग मृगाचा पाऊस येतो आणि सारे पुन्हा ओले होते. उन्हाचा उपयोग नाही असे नाही. पातळ थर दिला, खाली वाळू घातली, पाणी निथरू दिले तर गाळ छान वाळतो आणि बरेच जंतू मरतात. पण वाळलेला गाळ म्हणजे तापलेला गाळ नव्हे, हे लक्षात ठेवावे. नुसता साठवून ठेवायचा असेल तर आपल्यासारख्या उष्ण मुलखातही एक वर्षाहून जास्त ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. आणि त्या वर्षभरात त्यात नवा गाळ मिसळता कामा नये.

यावरून दोन खड्ड्यांच्या संडासाचे मर्म कळते. एक खड्डा भरला की तो बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्याला किमान एक वर्ष, जमल्यास दोन वर्षे हात लावायचा नाही. तिथे उष्णता थोडी असते. म्हणून तिची उणीव वेळ भरून काढतो.

उष्णता कुठून आणायची?

उष्णता विकतच आणावी लागते असे नाही. शेणाच्या उकिरड्यात हात घातला तर आत गरम लागते, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. कुजवणारे सूक्ष्म जीव काम करू लागले की ढीग आपोआप तापतो. गाळात कुटार, पालापाचोळा, बारीक केलेली पऱ्हाटी मिसळून कमरेएवढा ढीग लावला, ओल बेताची ठेवली, हवा खेळती ठेवली तर आतली उष्णता ५५ अंशांच्या वर जाते. ढीग लहान असेल तर उष्णता टिकत नाही. ढीग उलथला नाही तर बाहेरचा भाग थंडच राहतो. म्हणून बाहेरचा भाग आत आणि आतला बाहेर करावा लागतो. आत लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढली आणि ती हातात धरवली नाही, तर ढीग तापला हे समजते. ही परीक्षा घरच्या शेणखतावर जरूर करून पाहा. माणसाच्या मैल्याच्या गाळासाठी मात्र थर्मामीटर आणि नोंदवही हवी, आणि ते काम नगरपालिकेचे आहे, तुमच्या-माझ्या हातांचे नाही.

संडास जोडलेल्या गोबरगॅसबद्दलही लोक विचारतात. त्यात गॅस मिळतो, वास जातो, हे चांगलेच आहे. पण साध्या गोबरगॅसच्या टाकीत जंतांची सारी अंडी मरतील एवढी उष्णता नसते. बाहेर येणारी रबडी आणखी कुजवून, वाळवूनच वापरावी.

आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण सांगतो. सातारा जिल्ह्यातले वाई गाव कृष्णेच्या काठी आहे. तिथे घरोघरी सेप्टिक टाक्या. टाकी भरून वाहू लागली की मगच टँकर बोलवायचा, ही सगळीकडची रीत तिथे बदलली. दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी पाळीपाळीने उपसायची असे ठरले. गाळासाठी रोज ७० हजार लिटर क्षमतेचे केंद्र २०१८ मध्ये उभे राहिले. टँकरमधला गाळ आणि पाणी वेगळे करायचे, गाळ वाळवायचा आणि मग कमी हवेत प्रचंड उष्णतेने त्याचा कोळसा करायचा, अशी तिथली पद्धत योजली गेली. कोळशाच्या भट्टीत लाकूड जसे ज्वाळेने न जळता आतल्या आत भाजते, तसे. त्या उष्णतेत एकही जंतू किंवा अंडे वाचत नाही. नत्राचा मोठा भाग त्यात उडून जातो हे खरे. पण उरलेली काळी भुकटी हाताळताना माणसाला धोका राहत नाही.

दोन सावधगिऱ्या मात्र लक्षात असू द्या. पहिली, उष्णतेने जंतू मरतात, पण शिसे, क्रोमियम असे जड धातू मरत नाहीत. कारखान्याचे पाणी मिसळलेला गाळ कितीही तापवला तरी भाजीच्या वावरात नको. दुसरी, तापवलेल्या गाळाला कच्च्या गाळाचे फावडे लावले की सगळी मेहनत वाया. तापवलेल्या दुधात खरकटा चमचा बुडवला तर ते नासणारच.

मामेभावाचा प्रश्न : हे काम कोणाचे?

हा प्रश्न सर्वांत अवघड, आणि मला वाटते, सर्वांत महत्त्वाचा.

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तळे बाटले म्हणून तिथल्या सनातन्यांनी ते 'शुद्ध' केले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून! स्वच्छ हातांच्या स्पर्शाने पाणी बाटले आणि शेणाने ते शुद्ध झाले. विटाळ आणि जंतू यांतला फरक समजावून सांगायला याहून मोठे उदाहरण नाही. विटाळ कोणत्याही थर्मामीटरने मोजता येत नाही, कोणत्याही भिंगातून दिसत नाही आणि कितीही अंशांवर मरत नाही; कारण तो पाण्यात नसतोच, तो पाहणाऱ्याच्या डोक्यात असतो. जंतू मात्र मोजता येतो, दिसतो, आणि ६२ अंशांवर तासाभरात मरतो. ब्राह्मणाच्या टाकीतला असो की आपल्या, त्याला एकच नियम लागू.

म्हणून मामेभावाला मी म्हटले, तुझा संताप बरोबर आहे. घाणकाम म्हणजे थोर सेवा आहे अशी त्याची स्तुती करण्यावर बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात कडक टीका केली आहे. जन्मावरून हे काम माणसाच्या माथी मारणे आपण नाकारले, ते कायमचेच नाकारले. पण आपण सोडले म्हणून ते काम संपले काय? टँकरवर आज कोण आहे? बहुतेक ठिकाणी मेहतर-वाल्मीकी समाजाची, किंवा आपल्याच वस्तीतली ठेकेदाराच्या हाताखालची मुले. आपण नाक दाबून बाजूला झालो तर जो अन्याय आपल्यावर झाला तोच आपण पुढच्यावर ढकलला, असे होईल.

तथागतांनी काय केले? राजगृहात रस्ते झाडणाऱ्या सुनीताला त्यांनी संघात घेतले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्याची कथा आपण वाचली आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तर शौचकूपाचेही नियम आहेत. त्यात ज्येष्ठ-कनिष्ठ असा मान नाही, जो आधी येईल तो आधी जाईल. आणि शौचकूप घाण दिसला तर भिक्खूनेच तो स्वच्छ करावा, असे सांगितले आहे. जो वापरतो त्याची जबाबदारी. तिथे त्यासाठी वेगळी जात नेमलेली नाही.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावे झाडत फिरले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, वलगावजवळ त्यांचे निधन झाले. त्यांचा खराटा आपण फोटोत पूजतो. पण टाकीत माणूस उतरवला जातो तेव्हा मात्र आपण गप्प राहतो.

यावर कायदा आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून लागू झाला. गटारात किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टाकीत विषारी वायू साठतो. एक जण पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि दोघेही जातात. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले होते. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती रक्कम ३० लाख झाली. पण बंधूंनो, ३० लाखांनी बाप परत येत नाही.

माझ्या मते मामेभावाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. गाळाचे काम जातीचे नाही, शहराचे आहे. ते यंत्राने झाले पाहिजे, उष्णतेने झाले पाहिजे, आणि यंत्रावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला कायम नोकरी, पूर्ण पगार, हातमोजे, गमबूट आणि दवाखाना मिळाला पाहिजे. आधी गाळ तापला पाहिजे, मग त्याला माणसाचा हात लागला पाहिजे. आजवर सगळे उलटे चालले.

आपण काय करायचे?

घरात. पालेभाजी वाहत्या पाण्यात दोन-तीन वेळा धुवावी, शिजवून खावी. मुळा-गाजर सोलून खावे. मुलांची नखे कापावीत. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. निंदायला जाताना पायात काहीतरी घालावेच. शाळेत-अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात, ती मुलांना चुकवू देऊ नये. टाकी तुंबली तर झाकण काढून आत वाकू नये आणि कोणालाही उतरू देऊ नये.

वस्तीत. महिला मंडळाने आणि विहाराच्या समितीने नगरपालिकेला एक साधा अर्ज द्यावा. त्यात पाच प्रश्न विचारावेत. आमच्या टाक्यांचा गाळ टँकर कुठे नेतात? तिथे तो तापवला किंवा कुजवला जातो काय, आणि किती अंशांवर, किती दिवस? त्याची नोंदवही आहे काय? खत म्हणून देण्यापूर्वी जंतांच्या अंड्यांची तपासणी होते काय? टँकरवरच्या कामगारांना साधने आणि विमा दिला आहे काय? अर्जाची पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारावे. कागदावर विचारलेल्या प्रश्नाला कागदावर उत्तर द्यावे लागते, एवढे मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून सांगू शकतो.

पंधरा दिवसांनी मामांना मी हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, काही बोलले नाहीत. फुकट खत सोडणे गरीब शेतकऱ्याला सोपे नसते. त्या हंगामात खताचे पैसे त्यांनी उसने घेतले, हे मला नंतर मामींकडून कळले. पुढच्या आठवड्यात टँकर आला तेव्हा मामांनी त्याला धुऱ्यावरूनच परत लावले. टँकरवर विशीतला एक पोरगा होता, पायात चप्पल नाही, हात गाळाने भरलेले. मामींनी त्याला विहिरीवर नेले, साबण दिला, हात धुवून झाल्यावर आपल्याच पितळी गडव्यातून पाणी दिले. तो गडवा घ्यायला कचरला. "घे बाप्पा," मामी म्हणाल्या, "आमी बौद्ध हावो."

मामेभावाने त्याचे नाव विचारून घेतले. त्याच्या ठेकेदाराविरुद्ध हातमोजे-गमबुटांचा अर्ज तो स्वतः लिहितो आहे. मसुदा तपासायला माझ्याकडे आला होता. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. बाकी अर्ज चांगला आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!